‘वडील काय करतात?’

गेल्या महिन्यात मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलाला नोकरी नाकारली. हे वाक्य कागदावर उतरवायला मला दोन आठवडे लागले.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. गेली काही वर्षं कामाचा भाग म्हणून उमेदवारांच्या मुलाखतीही घेतो. त्या दिवशी व्हिडिओवर समोर आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा होता. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नाव मुस्लीम. बायोडेटावर गावाच्या जागी ‘छत्रपती संभाजीनगर’. इंग्रजी वाक्यं पाठ केलेली, एका दमात म्हटलेली. प्रोजेक्टबद्दल विचारलं तर त्याने प्रोजेक्टच्या वहीतली प्रस्तावना म्हणून दाखवली. हाच डेटाबेस का निवडला, असं विचारलं तर डेटाबेसची व्याख्या सांगितली. मध्येच मागून कुणीतरी बाई काही बोलली आणि तो मान वळवून दबक्या आवाजात म्हणाला, “हौ अम्मी, दो मिनट.”

तो ‘हौ’ कानावर पडला आणि मला आमची गल्ली आठवली. मी हिंदीत विचारलं, “मूळ गाव कुठलं?” तो क्षणभर थांबला. “बदनापूरजवळ, सर,” असं म्हणाला खरा, पण गुन्हा कबूल करावा तसा. लगेच पुन्हा इंग्रजीत शिरला.

मुलाखत संपल्यावर आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो. प्रत्येक गुणापुढे ‘पुरावा’ नावाचा रकाना असतो. उमेदवार काय बोलला, त्याने काय करून दाखवलं, ते त्यात लिहायचं. चाळीस मिनिटं बोलून त्या मुलाने मला लिहिण्याजोगी एकही गोष्ट दिली नव्हती. तो खोटं बोलला नव्हता. पण स्वतःबद्दल खरंही काही बोलला नव्हता. मी ‘नाही’वर खूण केली. त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या खुर्चीत मी एकदा बसलो होतो.

मी काय लपवलं

२०१२ साली मी औरंगाबादहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडलो. कॉलेजात कॅम्पसला फारशा कंपन्या आल्या नव्हत्या. जालन्याहून रात्रीची बस धरायची, पहाटे पुण्यात उतरायचं, स्टँडवर तोंड धुवून शर्ट बदलायचा आणि मुलाखतीला जायचं, असं सहा-सात महिने चाललं.

एका कंपनीत लेखी परीक्षा पास झालो, तांत्रिक फेरीही बरी गेली. शेवटच्या फेरीत समोरच्या गृहस्थांनी सहज विचारलं, “वडील काय करतात?”

मी म्हणालो, “बिझनेस.”

“कसला?”

“स्टील.”

जालना आणि स्टील हे नातं त्यांना माहीत होतं. ते खुर्चीत पुढे सरकले. “अरे वा! रोलिंग मिल आहे का तुमची?”

“नाही... म्हणजे... सप्लाय.”

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. शर्ट पाठीला चिकटला होता एवढं आठवतं. एक छोटं खोटं सांभाळता सांभाळता मला साध्या प्रश्नांचीही उत्तरं सुचेनात. ती नोकरी मिळाली नाही. भेदभाव झाला असं मी घरी सांगितलं. तेही खोटंच होतं.

माझे अब्बा जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये टर्नर होते. लाल तापलेली सळई ज्या रोलांमधून दाबली जाते, त्या रोलांवरच्या खाचा लेथवर कापणं हे त्यांचं काम. सळईच्या अंगावर ज्या तिरप्या रेघा दिसतात, त्यांचा साचा शेवटच्या रोलवर कोरलेला असतो. माल जात राहतो तशी खाच झिजते. खाच झिजली की सळई जाड निघते, मीटरमागे वजन वाढतं आणि मालकाचं लोखंड फुकट जातं. खाच कमी कापली गेली तर सळई हलकी भरते आणि माल नापास होतो. १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ८८८ ग्रॅम भरली पाहिजे. हा आकडा मला आठवीत असताना पाठ होता, कारण घरी जेवताना त्यावरच बोलणं चालायचं. सळईचा तुकडा कापून काट्यावर ठेवायचा, कुठे किती फरक पडला ते पाहायचं आणि रोल कधी उतरवायचा ते ठरवायचं.

म्हणजे चूक किती चालेल हे आधी ठरवणं, ती मोजत राहणं आणि हाताबाहेर जाण्याआधी मशीन थांबवणं. आज मी सॉफ्टवेअरमध्ये पगार घेऊन हेच करतो. त्या गृहस्थांना मी खरं सांगितलं असतं, तर ती दहा मिनिटं त्या मुलाखतीतली सगळ्यात चांगली दहा मिनिटं ठरली असती. इंजिनिअरिंगच्या नोकरीसाठी गेलेल्या मुलाने घरातलं इंजिनिअरिंग लपवलं होतं.

आधी दाराबद्दल

इथे काही वाचक म्हणतील, ‘भाई, तुम्ही खोलीच्या आतल्या गोष्टी सांगताय. आम्हाला तर दारातूनच परत पाठवतात.’ त्यांचं म्हणणं खरं आहे आणि ते आधी मान्य केल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला हक्क नाही.

सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं प्रमाण दोन-तृतीयांश भरलं आणि मुस्लीम नावाला एक-तृतीयांश. पंधरा वर्षांनी, २०२२ साली, लेड बाय फाउंडेशनने मुलींसाठी असाच अभ्यास केला. हबीबा अली आणि प्रियंका शर्मा अशा दोन काल्पनिक नावांनी, सारख्याच बायोडेटाने, १,००० जागांसाठी अर्ज गेले. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून प्रतिसाद आला, हबीबाला १०३.

तेव्हा ‘मेहनत करा, सगळं मिळेल’ असं भाषण मी देणार नाही. हबीबाला प्रियंकाच्या दुप्पट अर्ज करावे लागतात आणि त्यात तिची काही चूक नसते. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थही मला दिसतो. आपल्या मुलाला बोलावणं कमी वेळा येतं, म्हणून आलेली प्रत्येक मुलाखत आपल्यासाठी जास्त मोलाची आहे. ज्याला दहा बोलावणी येतात त्याची पहिली चार सरावात गेली तरी चालतं. ज्याला तीनच येतात, त्याने सराव घरूनच करून जायला हवा.

शेलगावच्या अन्सार शेख यांच्याकडून

जालना जिल्ह्यातला मुलाखतीचा सगळ्यात गाजलेला किस्सा अन्सार शेख यांचा आहे. जिल्ह्यातलं शेलगाव हे त्यांचं गाव. वडील रिक्षाचालक, आई शेतात मजुरी करणारी, भाऊ शाळा सोडून गॅरेजात लागलेला. शिक्षण मराठी माध्यमातून, पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात राज्यशास्त्र. मे २०१६ मध्ये यूपीएससीचा निकाल लागला तेव्हा ते ३६१व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले होते आणि त्यांचं वय होतं २१.

निकालानंतर त्यांनी वर्तमानपत्रांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली सर्वांना आठवते. पुण्यात त्यांना राहायला खोली मिळेना. सोबतच्या हिंदू मित्रांना मिळाली, त्यांना नाही. मग त्यांनी एका मित्राचं, ‘शुभम’ हे नाव सांगून खोली घेतली. ही गोष्ट आपण मोहल्ल्यात पुष्कळदा सांगतो, आणि सांगायलाच हवी, कारण ती पुण्याबद्दल बरंच काही सांगते.

दुसरी गोष्ट आपण कमी सांगतो. यूपीएससीच्या मुलाखतीत त्यांना मुस्लीम तरुण कट्टरतेकडे का वळतात, असं विचारलं गेलं. शिया की सुन्नी, असंही विचारलं गेलं. त्यावर आपण भारतीय मुसलमान आहोत, असं उत्तर त्यांनी दिलं. खोलीसाठी ज्याला शुभम व्हावं लागलं, तो मुलाखतीच्या खोलीत अन्सार म्हणूनच बसला आणि सगळ्यात अवघड प्रश्नाला स्वतःच्याच नावाने सामोरा गेला.

घरमालकापुढे नाव लपवणं ही त्यांची गरज होती. त्या गरजेला मी नावं ठेवणार नाही. पण मुलाखत ही वेगळी जागा आहे. तिथे समोरच्याला तुम्ही कोण हेच जाणून घ्यायचं असतं, आणि तुम्ही लपवण्यात गुंतलात की त्याच्या हाती काही लागत नाही. असला प्रश्न विचारला जाणारच हे गृहीत धरून, त्यावर आधी विचार करून गेलेला माणूस गडबडत नाही.

आपण मुलांना काय शिकवतो

आपल्याकडे मुलाखतीची तयारी म्हणजे काय? क्लासवाले टाय बांधायला शिकवतात. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं एकच उत्तर चाळीस मुलांना पाठ करून देतात. मग चाळीसही मुलं ‘हार्डवर्किंग’ असतात, चाळीसही जणांचा दोष ‘परफेक्शनिस्ट’ असणं हा असतो. कॉलेजजवळच्या दुकानांत शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट तयार मिळतं, वहीसकट. आणि घरी मोठी माणसं सांगतात, ‘ज्यादा मत बोलना, गाव का नाम मत लेना, इंग्लिश में बोलना.’ या सगळ्या शिकवणीचं सार एकच निघतं: तू जसा आहेस तसा चालणार नाहीस.

आपल्या घरी दखनी बोलली जाते, बाजारात मराठी, काहींच्या शाळेत उर्दू आणि मुलाखतीत इंग्रजी. चार भाषांतून वाट काढणारा मुलगा मंद नसतो. पण त्याला सगळ्यात कच्च्या भाषेत, सगळ्यात अनोळखी माणसासमोर, पाठ केलेलं म्हणायला लावलं तर तो मंद दिसतो. यूपीएससीत मुख्य परीक्षा भारतीय भाषेत लिहिणाऱ्याला मुलाखतही त्याच भाषेत देता येते. खाजगी कंपन्यांत ती सोय नाही. म्हणून तयारीची सुरुवात तरी आपण आपल्या भाषेत करू शकतो.

तयारी: जी मला कुणी सांगितली नाही

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर जे कळलं ते इथे लिहितो. सॉफ्टवेअरचं उदाहरण देतोय, पण बँक, सीड कंपनी, स्टील प्लँट, शाळा, कुठेही थोड्या फरकाने हेच लागू पडेल.

एक. कागदावर आपल्या आयुष्यातले पाच प्रसंग लिहा. अडचण काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, शेवटी काय झालं. ‘आम्ही केलं’ असं लिहू नका, ‘मी’ काय केलं ते लिहा. शक्य तिथे आकडा टाका. मामूंच्या दुकानाची उधारीची वही तुम्ही मोबाइलवर आणली आणि अडकलेले पैसे वसूल झाले, हा प्रसंग आहे. अब्बा आजारी पडल्यावर सहा महिने तुम्ही मोसंबीच्या आडतीवर हिशोब सांभाळला, हाही प्रसंग आहे. मुलांना वाटतं हे सांगण्यासारखं नाही. माझ्या फॉर्ममधला पुरावा याच गोष्टींतून भरला जातो.

दोन. हे प्रसंग आधी घरच्या भाषेत मोठ्याने सांगा. बहिणीला सांगा, तिला कळले का विचारा. मग इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. उच्चाराची चिंता करू नका. इंग्रजी गोरं नसलं तरी चालतं, वाक्य पूर्ण झालं पाहिजे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. त्याने गुण कापले जात नाहीत. न कळलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की मात्र कापले जातात.

तीन. प्रोजेक्ट विकत घेतलं असेल तर ते आधी बायोडेटावरून काढा. त्याजागी छोटंसं का होईना, स्वतः काहीतरी बनवा. मशिदीच्या चंद्याचा हिशोब, बियाण्याच्या दुकानाचा स्टॉक, शिकवणीची हजेरी. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे असंच का बनवलं, दुसरं काय करता आलं असतं? दोन माणसांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर काय होईल? हे सगळ्यात आधी कुठे मोडलं आणि ते कसं दुरुस्त केलं? मी मुलाखतीत जवळपास हेच विचारतो. ज्याने स्वतःच्या हाताने बनवलंय तो तिसऱ्या प्रश्नाला हसतो, कारण त्याला ती रात्र आठवते.

चार. कोड लिहायला सांगितला तर लगेच लिहायला बसू नका. समजा, शब्दात एकदाच येणारं पहिलं अक्षर शोधायला सांगितलं. आधी विचारा: मोठं आणि छोटं अक्षर एकच धरायचं का? शब्द रिकामा असेल तर? असं अक्षरच नसेल तर काय परत करायचं? मग डोक्यात चाललंय ते बोलत बोलत लिहा. गप्प बसून बरोबर उत्तर देणाऱ्यापेक्षा, बोलत बोलत अडखळून स्वतःची चूक स्वतः पकडणाऱ्यासोबत काम करणं सोपं असतं, आणि समोरचा तेच बघत असतो.

पाच. ‘माहीत नाही’ म्हणायला शिका. पण तिथेच थांबू नका. ‘हे मी वापरलेलं नाही. यासारखं अमुक वापरलंय, त्यावरून मला वाटतं की...’ एवढं म्हणा. थापा मारलेल्या कळतात. मी मारलेल्या कळल्याच होत्या.

सहा. गावाचं नाव घ्या. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण उगाच म्हणत नाही. बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको काढली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळालं. इथल्या सळया दूरदूर जातात, इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. ‘मी जालन्याचा, जिथे स्टील आणि बियाणं बनतं’ असं एक वाक्य म्हटलं की समोरचा काहीतरी विचारतोच, आणि मग तुम्ही तुम्हाला माहीत असलेल्या विषयावर बोलायला लागता.

सात. मधली रिकामी वर्षं लपवू नका. गॅरेजात होतो, शेतात होतो, अम्मीची दवाखान्याची धावपळ होती, हे सरळ सांगा आणि त्या काळात काय शिकत राहिलो ते जोडा. व्हिडिओ मुलाखत असेल तर लाइट जाईल हे धरूनच चाला. लॅपटॉप चार्ज, दुसऱ्या सिमचा हॉटस्पॉट, तोंडावर उजेड. एका खोलीच्या घरात शांतता मिळत नसेल तर तासाभरासाठी कुणाचं ऑफिस मागा. मागायला लाजू नका.

आठ. बाहेर पडल्यावर तासाभरात, विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहून काढा. नापास झालात तरी ती वही तुमच्या मागच्या मुलासाठी सोनं आहे.

जे प्रश्न विचारायलाच नकोत

‘वडील काय करतात?’ हा खरं तर चांगला प्रश्न नाही. उमेदवाराला काम येतं का, हे त्यातून कळत नाही, त्याचा वर्ग आणि जात मात्र कळते. मी तो विचारत नाही. तरी आपल्याकडे तो सर्रास विचारला जातो, म्हणून तयारी ठेवा. एका वाक्यात खरं सांगा, त्यातून काय शिकलात ते दुसऱ्या वाक्यात सांगा आणि कामाकडे वळा.

मुलींना याहून वाईट प्रश्न येतात. लग्न कधी, घरचे परवानगी देतील का, हिजाब ऑफिसातही घालणार का. अशा वेळी चिडायचा हक्क तुम्हाला आहे, पण नोकरी हवी असेल तर माझ्या सहकारी मैत्रिणीने वापरलेलं उत्तर सांगतो: “या कामासाठी लागणारं सगळं मी करू शकते. वेळ आणि प्रवासाबद्दल काही विशेष अपेक्षा असेल तर सांगा, मी स्पष्ट उत्तर देते.” शुक्रवारच्या नमाजचा विषय पहिल्या फेरीत आणायची गरज नाही. नोकरीचा प्रस्ताव हातात आल्यावर सरळ सांगा: शुक्रवारी दुपारी थोडा वेळ लागेल, काम आधी-नंतर पूर्ण करेन. माझ्या अनुभवात आधीच सांगितलेल्या गोष्टीवरून सहसा वाद होत नाही.

आणि काही ठिकाणी कितीही तयारी केली तरी उत्तर ‘नाही’च येणार आहे, तुमच्या नावामुळे. ते ओझं स्वतःवर घेऊ नका. माझा प्रश्न एवढाच आहे की ‘नाही’ कशामुळे आलं हे आपल्याला कळायला हवं. २०१२ साली मी स्वतःची चूक भेदभावावर ढकलली आणि पुढच्या दोन मुलाखतींत तीच चूक पुन्हा केली.

टेबलाच्या या बाजूला

आता माझ्यासारख्यांबद्दल. सच्चर समितीने २००६ साली आयएएसमध्ये मुसलमान ३ टक्के असल्याचं नोंदवलं. तो आकडा आपण भाषणांत वापरतो. पण त्याच अहवालात मुलाखत मंडळांवर मुसलमान सदस्य असावेत, अशीही शिफारस आहे. समितीने जे सरकारी भरतीसाठी सांगितलं, ते खाजगी क्षेत्रात अनेक ठिकाणी आपोआप घडलंय. आपल्यातले कितीतरी जण आज मुलाखती घेतात. त्यांनी काय करावं?

मी त्या मुलाला जातभाई म्हणून पास करायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. तसं केलं असतं तर नावावरून नाकारणाऱ्याला मी काय तोंड दाखवणार? पण माझी मुलाखतही कमी पडली. मी त्याला पाठ केलेल्या इंग्रजीत अडकलेलं पाहिलं आणि बाहेर काढलं नाही. ‘हिंदीत सांग, चालेल’ हे एक वाक्य मी प्रत्येक उमेदवाराला म्हणू शकलो असतो. ज्या कामात इंग्रजी लिहिणं लागतं तिथे ते वेगळं तपासता येतं. विचार तपासताना भाषेची शिक्षा का द्यायची?

मुलाखत हे कच्चं माप आहे, हे सरकारनेही मान्य केलंय. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती बंद झाल्या. खाजगी कंपन्या मुलाखत बंद करणार नाहीत, पण ती सुधारता येते. सर्वांना तेच प्रश्न, आधी ठरलेले गुण, पुराव्याचा रकाना, पहिल्या चाळणीत नाव आणि गाव झाकलेलं. माझ्या टीममध्ये मी ही मागणी लेखी केली आहे. नाव झाकण्याचा मुद्दा अजून विचाराधीन आहे, प्रश्न सारखे ठेवण्याचा मान्य झाला.

कायद्याची बाजूही अपुरी आहे. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत समान संधी देतं. लिंगावरून भरतीत भेदभाव करायला १९७६च्या समान मोबदला कायद्यापासून बंदी आहे. पण खाजगी भरतीत धर्मावरून डावललं तर दाद मागायला तसा सर्वसाधारण कायदा नाही. समान संधी आयोगाची शिफारस सच्चर समितीने केली होती, तो आजही झालेला नाही. ही मागणी चळवळ म्हणून आपण सोडता कामा नये. पण कायदा येईपर्यंत या वर्षी पास होणारी मुलं थांबू शकत नाहीत.

दोन तास

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. जालन्यात, अंबडला, परतूरला, भोकरदनला, जिथे एक खोली आणि नेट मिळेल तिथे, महिन्यातून एका रविवारी दोन तास सराव मुलाखती. शाळेचा वर्ग चालेल, वाचनालय चालेल, मशिदीला लागून हॉल असेल तर तोही. मुली येतील अशी वेळ आणि अशी जागा. समोर बसायला पुण्या-मुंबईत, हैदराबादेत नोकरी करणारे आपले लोक व्हिडिओवर येतील, आणि गावातले बँकवाले, शिक्षक, कारखान्यातले सुपरवायझर प्रत्यक्ष येतील. दारावर कुणाची जात-धर्म विचारायचा नाही. बदनापूरच्या शेतमजुराच्या मुलाचीही अडचण तीच आहे, त्याचं नाव काहीही असो. आणि वर म्हटलेली प्रश्नांची वही तिथे ठेवायची, येणाऱ्या प्रत्येकाने त्यात आपल्या मुलाखतीचं पान जोडायचं.

भाषणं नकोत, सत्कार नकोत. गुणवंतांचे सत्कार आपण पुष्कळ केले. सत्कार झालेल्याला पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये दोन मुलांच्या मुलाखती घ्यायला बोलावू या. मी माझे रविवार देतोय, सुरुवात जालन्यातून करतोय.

अब्बांना ती ‘बिझनेस’वाली गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. हा लेख लिहायला घेतला तेव्हा फोनवर सांगितली. ते आता निवृत्त आहेत. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मेरे काम में छुपाने जैसा क्या था रे?” मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “तेरे उस लडके का क्या हुआ?”

त्या मुलाला थेट निरोप पाठवायची मला कंपनीच्या नियमाने परवानगी नाही. तो हे वाचत असेल तर एवढंच: काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. बायोडेटावर बदनापूर लिही. आणि तू काय बनवलंस ते मला सांग, हव्या त्या भाषेत.